गन धुवायची पंधरा मिनिटं

"दार!" मी मास्कच्या आतून ओरडले. "आधी दार लावा!"

तो गोंधळला. गोंधळणारच म्हणा... त्याच्या हातातही दारच होतं. जुन्या गाडीचं, डाव्या बाजूचं, काच काढलेलं. ते छातीशी कवटाळून तो आमच्या स्प्रेच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा होता, आणि रस्त्यावरची धूळ त्याच्या खांद्यावरून खुशाल आत येत होती. माझ्यासमोर स्टँडवर एक मडगार्ड आडवं होतं आणि त्यावर नुकताच मारलेला ओला, राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर.

"कुठलं?" त्याने विचारलं.

"तुमच्या मागचं!"

त्याने टाचेने दार ढकललं. ते लागलं. पण हा पठ्ठ्या आतच राहिला! 'काम चालू असताना आत येऊ नये' अशी ढळढळीत पाटी आहे आमच्या दारावर. नंतर विचारलं तर म्हणाला, "वाचली की. पण हातातल्या दारामुळे शेवटचा शब्द दिसला नाही."

आता मी काय हात थांबवणार होते? उरलेलं मडगार्ड पूर्ण केलं. डावीकडून उजवीकडे, अर्धा हात वर, पुन्हा उजवीकडून डावीकडे. तो भिंतीला चिकटून, नाकावर रुमाल धरून बघत राहिला. हूं नाही की चूं नाही. ते मात्र मला आवडलं. एरवी गाडीवाले येतात ते 'जरा इथे जाड मारा, तिथे पातळ मारा' असं शिकवायला लागतात, जणू मी कालच हातात स्प्रे गन धरलीय.

गन माझी होती. तीन वर्षं बाबांनी मला नुसतं घासायला लावलं होतं. पॉलिश पेपर, पाणी आणि मी. मग एक दिवस कपाटातून ही गन काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जो मारेल, तोच धुवेल. आणि लगेच धुवेल." आमच्या शॉपमधला हा एकच कायदा. कारण आमचा प्रायमर दोन डब्यांचा असतो. एकात प्रायमर, दुसऱ्यात हार्डनर. दोघं एकत्र आले की घड्याळ चालू. तासाभरात त्याचा दगड होतो, मग तो गाडीच्या पत्र्यावर असो नाहीतर गनच्या पोटात.

विश्वास नसेल तर भिंतीकडे बघायचं. धुवायच्या टेबलाच्या वर, खिळ्याला एक जुनी गन टांगलेली आहे. आतून पार दगड झालेली. कुणीही नवा माणूस कामाला आला की बाबा त्याला तिच्यासमोर उभं करतात आणि म्हणतात, "बघून ठेव. कुण्या एका मूर्खाने वेळेवर धुतली नाही." मी लहानपणापासून हे भाषण ऐकत आलेय. त्या मूर्खाबद्दल मला जाम कुतूहल होतं, पण बाबा पुढे काही सांगायचे नाहीत.

तर... मी मास्क काढला आणि टेबलाशी आले. तोही मागोमाग आला, दारासकट.

"ते दार ठेवा खाली. लेकरू आहे का तुमचं?"

"लेकरूच म्हणा," तो दार भिंतीला टेकवत म्हणाला. "मामांची गाडी आहे. मला दिलीय. मामा म्हणाले, सुट्या भागांना प्रायमर तू मारून आण, रंग मी माझ्या वर्कशॉपमध्ये देतो. ते राहतात लांब, दुसऱ्या शहरात. म्हणून मग... तुम्ही कराल?"

"पेंटर मीच आहे. करेन."

मी कप रिकामा केला, थिनर ओतलं, गदागदा हलवलं, डब्यात फवारून टाकलं. मागचा नॉब फिरवून सुई बाहेर काढली. मग पुढची टोपी, मग पान्याने नोझल. सगळं फडक्यावर ओळीने मांडलं. तो इतक्या एकाग्रतेने बघत होता की मला उगाचच माझे केस विस्कटलेत की काय असं वाटलं.

"नोझलच्या भोकात तार का नाही घालत? पटकन निघेल."

"घाला आणि भोक मोठं करून ठेवा! मग रंग फवारला जात नाही, थुंकला जातो. मऊ ब्रशच लागतो."

"अगदी बरोबर," तो खूश होऊन म्हणाला. "मी पण दिवसभर हेच करतो. बारीक भोकं, मऊ ब्रश. आणि वापरलं की लगेच धुवायचं."

"काय करता तुम्ही?"

"दातांचा डॉक्टर आहे."

मी तोंड मिटलं. खरंच सांगते, आपोआप मिटलं. तो हसला. दात सुरेख होते त्याचे. धंद्याची जाहिरात म्हणून ठीकच होतं ते. पण हसताना डावी भुवई वर जात होती, तिचा धंद्याशी काही संबंध नव्हता.

"बाकीचे भाग कधी आणताय?" मी विचारलं. "चार दारं, दोन मडगार्ड, डिकी, बॉनेट. आठ होतात. सगळे एकदम आणलेत तर दोन दिवसांत उरकेल."

"एकदम..." त्याने माझ्याकडे बघितलं, मग फडक्यावरच्या त्या सुट्या भागांकडे. "एकदम नाही जमणार. टेम्पो लहान आहे. एका वेळी एकच मावतं. दर गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो... तर दर गुरुवारी एकेक?"

"तुमची गाडी, तुमची मर्जी," मी म्हणाले.

पुढच्या गुरुवारी तो दुसरं दार घेऊन आला. यावेळी बाहेर थांबला. मी काम संपवून टेबलाशी आले तसा आत आला आणि खिशातून एक डबी काढली. दातांच्या फटी साफ करायचे इवलेसे ब्रश, निळे, हिरवे, पिवळे.

"नोझलसाठी," तो म्हणाला. "निळा बसेल असं वाटतं."

निळा बसला. असा बसला की जणू त्याच भोकासाठी जन्माला आला होता. अकरा वर्षं मी जाडजूड ब्रशाशी मारामारी करत होते. पण माझ्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे... मी म्हणाले, "चालेल."

"चालेल? नुसतं चालेल?"

"बरं, पळेल."

मग त्याने स्वतःच गनला हात घातला, तोही थेट नोझलला. मी त्याच्या हातावर फटका मारला. "आधी सुई! सुई आत असताना नोझल काढलं तर तिचं टोक खरचटतं." त्याने हात मागे घेतला नाही. माझाही तिथेच राहिला, जरासा जास्त वेळ. दोघांचेही हात थिनरने ओले आणि गार... आणि माझे कान मात्र गरम.

तिसऱ्या गुरुवारी त्याने दवाखान्यातले पांढरे, पातळ हातमोजे आणले. माझे हात खराब होतात म्हणे. थिनर लागताच ते मोजे फुगले, बोटं लोंबायला लागली. बाबा नेमके तेव्हाच आत आले, त्या लोंबत्या बोटांकडे बघितलं आणि आल्या पावली बाहेर गेले. आम्ही दोघं पोट धरून हसलो. चौथ्या गुरुवारी तो जाड मोजे घेऊन आला, थिनरला दाद न देणारे. माझ्या मापाचे. माझं माप त्याला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

स्प्रे मारताना मी कुणाशी बोलत नाही. बोलूच शकत नाही, तोंडावर मास्क असतो. म्हणजे आमच्या वाट्याला यायची ती गन धुवायची पंधरा मिनिटं. तेवढ्यात त्याची ताई, तिच्या दोन जुळ्या मुली, त्याला वाटणारी उंचीची भीती, मला न आवडणारा पिस्ता रंग, माझं अर्धवट सोडलेलं कॉलेज, त्याचं एकट्याचं जेवण... सगळं बसवायचं. एकदा त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कंटाळा येत नाही? रोज तेच राखाडी?"

"वरचा रंग सगळे बघतात," मी म्हणाले. "पण तो टिकतो कशावर? माझ्या राखाडीवर. कुणाला दिसत नाही म्हणून मी खराब मारू की काय?"

त्याने निळा ब्रश थिनरमध्ये बुडवला आणि सुटी टोपी घासायला घेतली.  त्या दिवशी गन जरा जास्तच स्वच्छ झाली.

एका गुरुवारी सकाळपासून झड लागली. हवेत ओल असली की मी प्रायमर मारत नाही, पुढे त्याला फोड येतात. हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी दुपारी तो आला. चिंब भिजलेला, रिकाम्या हातांनी.

"आज काम नाहीये, डॉक्टर."

"माहितीये."

"मग?"

"मग... गन धुवायची नाही का?"

"मारलीच नाही तर धुवायची काय?"

त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. डावी भुवई वर गेली होती, पण तो हसत नव्हता. मी कपाटातली गन काढली — माझी, चांगली, आदल्या दिवशीच धुतलेली — आणि टेबलावर ठेवली. सुई काढली. टोपी काढली. नोझल काढलं. त्याने निळा ब्रश उचलला. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आम्ही दोघं एक स्वच्छ गन मन लावून धूत होतो. मला तो आवडला होता. उगाच आढेवेढे घेऊन कशाला सांगू? आवडला होता, आणि चांगलाच.

पण मी पेंटर आहे, मला मोजता येतं. सातवा भाग झाला तेव्हा मी मोजलं: उरलं फक्त बॉनेट. ते झालं की गाडीचे सगळे भाग ट्रकमध्ये चढणार आणि मामांकडे जाणार. मग या माणसाला माझ्याकडे यायला कारण काय? दात दुखायला लागले तर मी जाईन, पण माझे दात मेले ठणठणीत. आणि तोंडाने 'थांबा' म्हणायचं? मी? दहा माणसांच्या गर्दीत कुणाला रागवायचं असेल तर मला बोलवा, पण हे...

आठव्या भागाचा गुरुवार लख्ख उन्हाचा निघाला. बॉनेट मी इतकं देखणं मारलं की बाबाही येऊन बघून गेले. मास्क काढून मी टेबलाशी आले. गन टेबलावर ठेवली. कपात अजून चार बोटं प्रायमर होता.

आणि माझा हात थिनरच्या डब्याकडे जाईना.

गन धुतली की पंधरा मिनिटं संपणार. पंधरा मिनिटं संपली की तो जाणार.

"पाच मिनिटांनी धुते," मी म्हणाले. "जरा बाहेर सावलीत बसू. दमले आज."

मी दमत नाही. हे त्यालाही माहीत होतं. पण तो "हो, बसू ना" म्हणाला, आणि आम्ही मागच्या पायरीवर बसलो. जुळ्यांपैकी एकीचा दात पडला होता, ती गोष्ट झाली. माझ्या आत्याच्या हट्टी मांजराची झाली.   नको त्या सगळ्या गोष्टी बोललो. जी बोलायची होती, तिच्या अवतीभवती नुसत्या घिरट्या.

"आता गुरुवारी काय करू मी?" तो शेवटी म्हणाला.

हीच ती वेळ होती. आणि माझी जीभ... काय सांगू! "लोकांचे दात उपटा," मी म्हणाले. "दवाखाना चालू ठेवा गुरुवारी."

त्याचा चेहरा पडला. तो उठला. "बॉनेट वाळलं की टेम्पोवाला येऊन घेऊन जाईल," म्हणाला. खोलीच्या दारातून एकदा आत टेबलाकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि गेला.

मी आत आले. घड्याळ बघितलं. सव्वा तास झाला होता. कप उलटा केला, एक थेंब पडला नाही. ट्रिगर दाबला, हलला नाही. अकरा वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा गनचा दगड झाला होता.

सकाळी ती बाबांच्या हातात पडली. त्यांनी ती उलटसुलट फिरवली, नखाने टकटक वाजवली, आणि मग जे सुरू झाले! "अकरा वर्षं शिकवलं ते हेच का? तीन वर्षं घासायला लावलं ते हेच का? वर बघ. बघ वर! त्या मूर्खानेही असंच केलं होतं—"

"सांगू का तिला, तो मूर्ख कोण ते?"

आई दारात उभी होती, हातात बाबांचा डबा. बाबा एकदम कॉम्प्रेसरचा काटा तपासायला लागले. कॉम्प्रेसर बंद होता.

"माझ्या काकांच्या गाडीला रंग द्यायचा होता," आई आरामात स्टुलावर बसत म्हणाली. "मी छटा निवडायला आले. पांढरा हवा होता, नुसता पांढरा. तुझ्या बाबांनी मला सव्वा तास पांढऱ्याच्या छटा दाखवल्या. दुधासारखा पांढरा, खडूसारखा पांढरा, मोत्यासारखा पांढरा. मला तर सगळे सारखेच दिसत होते. मी जाते म्हटलं की हे आणखी एक पत्रा काढायचे. मागे टेबलावर गन वाळत पडली होती."

"बाबा!"

"धुता आली असती," बाबा काट्याकडे बघत पुटपुटले. "पण मग ती गेली असती ना."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ते ज्याला मूर्ख म्हणत होते, त्याच्यावर त्यांचा किती जीव होता!

बाबांनी माझी गन माझ्या हातात ठेवली. "आणि त्या दातवाल्याला सांग," ते म्हणाले, "ज्या टेम्पोत बॉनेट येतं, त्यात चारही दारं उभी मावतात. मला पहिल्या गुरुवारीच कळलं होतं."

मी कामाचे कपडेही बदलले नाहीत. तशीच निघाले.

दवाखान्यात सहा जण बसले होते, सगळे गाल धरून. मी नंबर घेतला आणि बसले. माझ्या अंगाला थिनरचा वास येत होता. शेजारच्या आजोबांनी माझ्या मांडीवरच्या गनकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमची दाढ भलतीच मोठी दिसतेय." आतला पेशंट बाहेर आला आणि नंबराची वाट न बघता मी उठले. मी आत गेले, त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत बसले, आणि त्याच्या चकचकीत हत्यारांच्या ट्रेमध्ये गन ठेवली.

तो हात धूत होता. वळला. पांढराफटक पडला.

"काय... काय त्रास होतोय?" त्याने विचारलं.

"तोंड उघडत नाहीये."

"कधीपासून?"

"हिचं, कालपासून. माझं, नऊ गुरुवारांपासून."

त्याने मास्क खाली ओढला. गनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग धाडकन स्टुलावर बसला. "मला माफ करा. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"गन. तुम्ही पाच मिनिटं म्हणालात, तेव्हापासून मी घड्याळ बघत होतो. पाच झाली, वीस झाली, चाळीस झाली... तेव्हा सांगितलं असतं तरी वाचली असती. मी वापरलं की लगेच धुणारा माणूस... आणि मी गप्प बसलो. कारण सांगितलं असतं तर तुम्ही उठला असतात." त्याने ट्रेमधली गन उचलली. "मी तुमची गन मारली, पेंटर. मुद्दाम. एका तासासाठी."

"चाळीस मिनिटांचं मला काय सांगता? मी तर पहिल्या मिनिटापासून मोजत होते."

त्याने मान वर केली.

"मला आठवत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? मला? माझीच गन मी विसरेन?" मी खुर्चीत सरळ बसले. ती मेली पुन्हा मागे कलली, मी पुन्हा सरळ झाले. "ऐका आता. मी हे एकदाच सांगणार आहे. मला तुम्ही आवडता. गाडीचे भाग संपले म्हणून तुम्ही यायचे थांबलात तर मी रस्त्यावरची पहिली गाडी दिसेल तिचं दार उपटून तुमच्या हातात देईन. काय ते बोला. बाहेर सहा जण गाल धरून बसलेत."

तो उठला, खुर्चीचं बटण दाबून तिला सरळ केलं आणि माझा हात हातात घेतला. राखाडी डागांचा, भेगा पडलेला.

"तू जेवायला येशील का," त्याने विचारलं, "आज? उद्या? रोज?"

"गुरुवार सोडून चालेल?"

"गुरुवारीच तर मी तुझ्याकडे असणार आहे," तो म्हणाला, आणि भुवई वर गेली. "मामांना कालच फोन केला. रंगही तुमच्याकडेच करायचाय."

"कोणता रंग?"

"पांढरा. नुसता पांढरा." तो जरा घुटमळला. "पण त्यातही छटा असतात ना? तू... दाखवशील?"

मी इतकी हसले, इतकी हसले की बाहेरचे आजोबा पडद्यातून डोकावले आणि म्हणाले, "मलाही हेच औषध द्या हो, डॉक्टर."

या सगळ्याला दोन वर्षं झाली. टेबलावरच्या भिंतीवर आता दोन खिळे आहेत आणि दोन दगड झालेल्या गन. परवा एक नवी मुलगी कामाला लागली. बाबांनी सवयीने तिला भिंतीसमोर उभं केलं, घसा खाकरला आणि विचारलं, "सांग बरं, गन वेळेवर धुतली नाही की काय होतं?"

मुलीने दोन्ही गनांकडे नीट बघितलं. मग टेबलाशी निळा ब्रश घेऊन नोझल घासत उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं. गुरुवार होता ना.

"लग्न होतं," ती म्हणाली.